बेल न वाजवता श्रमदान

३ एप्रिल, बुधवार
काल सोसायटीची सभा झाली. खाली सॉनाशेजारच्या खोलीत. नेहमीप्रमाणे सगळे एक-एक खुर्ची मोकळी सोडून बसले होते.

तळमजल्यावरच्या कालेर्वोने ठराव मांडला. मागच्या अंगणात खडी टाकायची आणि चार गाड्यांची सोय करायची. त्याच्याकडे नवीन कॅरव्हॅन आलीय, ती रस्त्यावर उभी असते, त्याला झोप लागत नाही. मागच्या अंगणात माझ्या हेल्वीची काळ्या बेरीची झुडपं आहेत. कालेर्वो म्हणाला, त्यांच्याकडे बघायला आता आहे कोण? सगळे जमिनीकडे बघत होते. नोव्हेंबरात हेल्वी गेली, तेव्हापासून माझ्याशी बोलताना लोक जमिनीकडेच बघतात.

मग मी उभा राहिलो. सभेत मी याआधी एकदाच बोललोय, खिडकी लावून घेता का, एवढंच. मी म्हणालो, यंदाचं वसंतातलं श्रमदान मी घडवून आणतो. सगळी बिल्डिंग खाली उतरेल.

अध्यक्षा ऐला म्हणाली, "ठरलं तर. मेच्या मध्यापर्यंत लोक उतरले, अंगण साफ झालं, तर झुडपं राहिली. नाही उतरले तर खडी. पण ताउनो, तुला जमेल का रे? हेल्वी दारोदार जायची."

मी म्हणालो, आता दारोदार जावं लागत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं.

एकदम शांतता. प्रभाव पडला असावा.

४ एप्रिल, गुरुवार
हेल्वीची पद्धत इथे टिपून ठेवतो, म्हणजे सुधारणा कुठे करायची ते कळेल.

ती पूर्वेकडच्या करेलिया प्रांतातून आलेल्यांची लेक. तिकडची माणसं बोलकी. मे उजाडला की वेलदोड्याचे बन भाजायची, ताटली घ्यायची आणि सगळ्या मजल्यांवर प्रत्येक दाराची बेल वाजवायची. आधी न कळवता! एकेका दारात अर्धा-अर्धा तास. मी घरात रेडिओ मोठा करून बसायचो. तरी तिचं हसणं जिन्यातून खाली खाली जाताना ऐकू यायचं. शनिवारी सगळे दंताळी घेऊन हजर.

परिणामकारक, पण शास्त्रशुद्ध नाही. आपल्याकडे न कळवता बेल वाजली म्हणजे एकतर आग लागलीय, नाहीतर धर्मप्रचारक आलेत. मी कागद कारखान्याच्या रवानगी विभागात नोकरी केली. कागदाचे रोल परदेशी बंदरांपर्यंत पोचवले. कुणाची बेल वाजवावी लागली नाही.

संकल्प : आठवडाभरात योग्य साधन निवडायचं. मग बाकीचं आपोआप.

८ एप्रिल, सोमवार
तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. नावं लक्षात राहत नाहीत; पिवळं, निळं आणि भुंगा असं म्हणतो. निळ्यात कार्डं असतात, ती रकान्यांतून सरकवायची. पिवळ्यात नुसती यादी, पण काम झालं की छान आवाज येतो. भुंगा काय करतो ते अजून कळलं नाही. तो मला "हॅलो ताउनो, आज आपण काय साध्य करणार?" असं रोज सकाळी विचारतो. घरात तेवढाच एक आवाज. म्हणून ठेवलाय.

निवड भावनेवर नको. तुलनेचा तक्ता करायला घेतला. तक्ता कशात करायचा हे ठरवण्यासाठी आणखी दोन सॉफ्टवेअर बघितली.

बर्फ उत्तरेच्या भिंतीपाशी तेवढा उरलाय. मागच्या अंगणात गेलो नाही. खिडकीतून दिसतंच.

१२ एप्रिल, शुक्रवार
निळं! निर्णय झाला. सुबक आहे. 'करायचं', 'चालू', 'झालं' असे तीन रकाने. पानं गोळा करणे, हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू झाडणे, बाक धुणे, कॉफी, सॉसेज अशी कार्डं केली. प्रत्येकाला रंग दिला. झुडपांच्या छाटणीला जांभळा.

छाटणी खरं तर कळ्या फुटायच्या आत करायची असते. हेल्वी बर्फातच जायची, गुडघ्यापर्यंत रुतून. मी ते कार्ड ताबडतोब 'चालू' मध्ये सरकवलं. मनावरचं ओझं उतरलं.

दुपारी जरा आडवा झालो. तिसरीतल्या हिल्माबाई आठवल्या. शेगडीशेजारी उभं करून कविता म्हणायला लावायच्या. पाठीला ऊब, तोंडाने वसंत. ती शाळा आता पिझ्झाचं दुकान झालीय. कविता मात्र सगळ्या आहेत. हल्ली सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण ओळ एकही गळत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार
निळं म्हणतं, 'आपल्या टीममध्ये सदस्य जोडा.' शेजाऱ्यांना अचानक जोडणं बरं दिसलं नसतं. आधी चाचणी म्हणून हेल्वीला जोडलं. तिचा जुना ईमेल पाठ आहे. लगेच जोडली गेली. नावाभोवती करडा गोल आला. कॉफीचं कार्ड तिला दिलं. चाचणी यशस्वी.

१८ एप्रिल, गुरुवार
निळ्याने कळवलं : 'हेल्वीने अजून निमंत्रण स्वीकारलेलं नाही. आठवण करून द्यायची का?'

'नंतर' दाबलं.

बटाटे उकडले. जास्त झाले. दोघांचं माप हाताला बसलंय.

२० एप्रिल, शनिवार
निळं सोडलं. कारण तांत्रिक आहे. ते दर दोन दिवसांनी हेल्वीबद्दल विचारत होतं आणि तिला काढून कसं टाकायचं ते सापडेना. 'सदस्य काढा' असं बटण होतं, पण त्यावर बोट ठेवलं की 'तुम्हाला खात्री आहे का?' असं विचारायचं. असल्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार?

पिवळ्यात सगळं नव्याने लिहिलं. रंग गेले.

लेकीचा, तुइयाचा फोन, औलू शहरातून. ती म्हणाली, "बाबा, आवाज असा काय तुझा? खातोस ना नीट?" मी तिला पिवळ्याचे फायदे सांगितले. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे बाबा, पण अठरा तर घरं आहेत. खाली उतरत उतरत सांगितलंस तर दुपारच्या जेवणाआधी घरी येशील." मी म्हणालो, तुला व्यवस्थापनातलं कळत नाही. ती म्हणाली, "मी सत्तर माणसांचा विभाग चालवते, बाबा." मी म्हणालो, तेच. तुमच्याकडे त्यांना पगार मिळतो.

दोघंही थोडा वेळ गप्प होतो. आमच्या घरात ते चालतं. फोन कट झाला असं कुणी समजत नाही.

२४ एप्रिल, बुधवार
आज आमंत्रण गेलं!

वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने बिल्डिंगचा एक ग्रुप केलेला आहे, त्यात सगळे आहेत. सहसा सॉनात कुणाचा टॉवेल राहिला एवढंच येतं. रुक्ष आमंत्रण मला पटेना. श्रमदान म्हणजे काही वीजबिल नाही. हिल्माबाईंची कविता घातली :

बर्फ वितळले, ओढे जागले,
दार उघड रे शेजाऱ्या;
कुदळ तुझी अन् दंताळे माझे,
ऊन वाटुनी घेऊ या.

खाली पिवळ्याची लिंक. तारीख, वेळ, कामांची वाटणी सगळं लिंकच्या आत. ज्याला यायचंय त्याने खातं उघडायचं, पासवर्ड ठेवायचा, ईमेलवर आलेला आकडा भरायचा, की समोर सगळं लख्ख. माहिती एकाच ठिकाणी असावी, हे रवानगी विभागाचं पहिलं तत्त्व.

तारीख अजून टाकली नाही. तीही पिवळंच ठरवतं. सगळ्यांची कॅलेंडरं बघून मोकळा दिवस काढतं म्हणे.

संध्याकाळपर्यंत कवितेखाली लाल बदामच बदाम. ओस्मोचासुद्धा! ओस्मो माझ्या समोरच्या दारात राहतो. आमचं फार चांगलं जमतं. बाहेर पडायच्या आधी तो त्याच्या दाराला कान लावतो, मी माझ्या. जिन्यात गाठ पडू नये याची दोघंही काळजी घेतो. असल्या माणसाने बदाम पाठवणं म्हणजे लेखी होकारच.

३० एप्रिल, मंगळवार
उद्या मे दिन. रस्त्यावर पोरं मॅट्रिक झाल्याच्या पांढऱ्या टोप्या घालून ओरडतायत. हेल्वी दरवर्षी घरी लिंबाचं सरबत आंबवायची. आत टाकलेल्या मनुका वर आल्या की तयार. यंदा दुकानातून बाटली आणली. मनुका तळाशीच आहेत.

पिवळ्याने तारीख काढली : शनिवार, ११ मे. 'या दिवशी कुणालाही अडचण नाही.' बाकी कुणी कॅलेंडर भरलेलं नाही हे खरं, पण अडचण नाही म्हणजे नाही.

तुइयाला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, बारा तारखेला मातृदिन आहे. लोक शनिवारीच आईकडे निघतात." मी म्हणालो, तसं असतं तर सॉफ्टवेअरने सांगितलं असतं. ती म्हणाली, "मी येणार होते मातृदिनाला. आईकडे फुलं घेऊन जाऊ या दोघं." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात ये, तोवर अंगण बघण्यासारखं झालेलं असेल. बरं म्हणाली.

फोन ठेवल्यावर वाटलं, ये म्हणायला हवं होतं. पण ठरलेलं वेळापत्रक मध्येच हलवलं की सगळंच हलतं.

३ मे, शुक्रवार
कचऱ्याच्या खोलीत ओस्मोशी समोरासमोर गाठ. दोघांच्याही हातात पिशव्या. टाळता आलं नाही.

ओस्मो म्हणाला, "कविता छान होती."
मी म्हणालो, तिसरीतली.
तो म्हणाला, "आम्हालापण होती. आमच्या मास्तरांनी छड्या मारून पाठ करून घेतली. तेव्हा कळली नव्हती."
मी म्हणालो, हं.
तो म्हणाला, "हेल्वीला आवडली असती."
मी म्हणालो, तिला पाठच होत नसे. मध्येच हसायची.

त्याचा कुत्रा माझ्या बुटाचा वास घेत होता. ओस्मो अजून काहीतरी विचारणार असं वाटलं. शनिवारची आठवण करावीशी वाटली, पण तो दबाव झाला असता. माणूस हातात कचरा घेऊन उभा असताना त्याला कामाला ये म्हणणं शोभत नाही. आणि पिवळं आदल्या दिवशी आठवण करणारच आहे.

एवढं लांब संभाषण आमच्यात बऱ्याच वर्षांत झालेलं नाही. मोहीम लोकांना जवळ आणते आहे.

८ मे, बुधवार
टपालपेट्यांपाशी ऐला. "काय सेनापती, किती फौज जमली?" मी फोन काढून बदाम दाखवले. ती चष्मा वर करून बघत राहिली. म्हणाली, "अरे, हे कवितेला आहेत." मी म्हणालो, कविता म्हणजेच आमंत्रण. ती म्हणाली, "मला वाटलं, हेल्वीच्या आठवणीत टाकलीयस. मीसुद्धा बदाम दिला. मी रडले होते रे." मी तिला सांगितलं, लिंक उघडली असतीस तर सगळं स्पष्ट होतं. ती म्हणाली, "उघडली होती. त्याने माझ्याकडे पासवर्ड मागितला. मी माझ्या नवऱ्याला कधी पासवर्ड दिला नाही."

मग म्हणाली, "खाली दारावर एक कागद लाव, ताउनो. आत्ताच्या आत्ता. 'शनिवार, दहा वाजता, अंगणात.' बास." मी म्हणालो, मग माहिती दोन ठिकाणी होईल. एकात बदल झाला की दुसरीकडे चूक राहणार. ती म्हणाली, "मग बेल वाजव. आम्ही कुणी चावत नाही. कागद नाहीतर बेल, शनिवारपर्यंत एवढाच उपाय आहे. मी कालेर्वोला अजून किती थोपवू? खडीवाल्याची तारीख त्याने घेऊन ठेवलीय."

कागद लावायचा ठरवला. टेबलाशी बसलो. पण आमंत्रणाचा मजकूर एकदा प्रसिद्ध झाल्यावर घाईघाईने वेगळा लावणं म्हणजे पहिला चुकला अशी कबुली.

म्हणून बेल. प्रयोग म्हणून समोरूनच सुरुवात करू म्हटलं. स्वच्छ शर्ट घातला. ओस्मोच्या दारापाशी गेलो. बोट बटणापर्यंत नेलं. आत रेडिओवर बर्फावरच्या हॉकीची मॅच चालू होती. उपांत्य फेरीची असेल, अशा वेळी माणसाला उठवायचं? मी जिन्यातला दिवा नीट आहे का ते बघितलं आणि परत आलो. दिवा नीट आहे.

हॉकीनंतर बघू.

१० मे, शुक्रवार
हॉकीनंतर उशीर झाला होता, आणि काल गुरुवार, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी बेल वाजवणं तर आणखीच वाईट. बरेचसे लोक गावाकडच्या सुट्टीच्या घरांवर गेलेले दिसले. आवारात गाड्या कमी होत्या. म्हणजे उद्यापर्यंत ताजेतवाने होऊन परततील.

बाजार केला. सॉसेज पुष्कळ घेतले, मोहरीची मोठी ट्यूब, कागदी कप. कमी पडायला नको. वेलदोड्याचे बन दुकानातले घेतले. कॅश काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पार्टी का?" मी म्हणालो, हो, सगळी बिल्डिंग.

पिवळ्याने आठवण पाठवली. मलाच आली. बाकी कुणी सदस्य नाही.

११ मे, शनिवार
सकाळ. ऊन स्वच्छ. तळघरातून सगळी दंताळी वर आणून भिंतीला ओळीने टेकवली. हातमोजे एका खोक्यात. कॉफी थर्मासमध्ये.

दहा. थोडं लवकरच आहे.

साडेदहा. आपल्याकडे कुणाला पहिलं यायला आवडत नाही. सगळे खिडकीतून बघत असतात, दुसरा उतरला की मग उतरू. मला स्वतःला हे माहीत आहे. मीही कायम हेल्वीने खालून हाक मारल्यावरच उतरलो. म्हणून गर्दी दिसावी यासाठी मी जरा जास्त जागा व्यापून काम करत राहिलो. एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या.

तिसऱ्या मजल्यावर पडदा हलला. दुसऱ्यावर ओस्मो उभा होता. मी हात वर केला. त्यानेही केला. मग तो आत गेला. बूट घालायला, असं वाटलं.

दुपार. पानं एकट्याने अर्धी झाली. झुडपांपाशी शेवटी गेलो. जुन्या फांद्या काळ्या पडल्यात, नव्यांना पानं फुटलीत. पान चुरडलं की वास येतो, बेरीचाच, बेरी नसताना. कात्री आणली होती. आता कापू नये असं वाचल्यासारखं वाटलं. कापलं नाही.

सॉसेज भाजले. एक खाल्लं.

कालेर्वो कॅरव्हॅन धुवायला उतरला. बराच वेळ रस्त्यावरून बघत होता. मग बादली ठेवून आला, एक सॉसेज घेतलं, उभ्यानेच खाल्लं. म्हणाला, "मोहरी चांगली आहे." आणि गेला.

दंताळी पुन्हा तळघरात नेली. जास्त वेळ लागला. वर आणताना जड नव्हती.

१२ मे, रविवार
ऐलाचा फोन. ती माझ्याच मजल्यावर राहत असून फोन करते, ही तिची सभ्यता. काल ती बहिणीकडे होती. आल्यावर तिने दोघा-तिघांना विचारलं. म्हणाली, "ताउनो, सगळ्यांनी बघितलं तुला. त्यांना वाटलं, तुला एकट्याने करायचंय. बायकोची झुडपं, मातृदिनाचा आदला दिवस, त्यात ती कविता. ओस्मो म्हणाला, मी बूट घातले होते, पण म्हटलं माणसाला निवांत राहू द्यावं. वरची पोरगी तर म्हणाली, खाली जाणं म्हणजे दफनभूमीत घुसल्यासारखं झालं असतं."

मी म्हणालो, सगळे फारच समजूतदार आहेत.

ती म्हणाली, "हो ना. त्या समजूतदारपणाला आग लागो." मग जरा थांबून, "नियम मीच घातला होता. आता मला तो फिरवता येत नाही. बुधवारी माणूस येतोय."

तुइयाचा फोन दुपारी. अंगण कसं झालं विचारलं. मी म्हणालो, झालं. तिने विचारलं, आईकडे फुलं नेलीस का? म्हणालो, संध्याकाळी जाईन. संध्याकाळी गेलो नाही. तिथे आज गर्दी असते.

१४ मे, मंगळवार
झुडपं उपटून दुसरीकडे लावता येतील का, याचा विचार केला. खणायला दोन माणसं आणि न्यायला गाडी हवी. गाडी ओस्मोकडे आहे. ओस्मो घरी आहे. कुत्रा ऐकू येतो.

पिवळं आणि भुंगा दोन्ही काढून टाकली. भुंग्याने विचारलं, आपण का जाताय? पर्यायांमधून 'इतर' निवडलं.

१५ मे, बुधवार
सकाळी छोटं खोदाईचं यंत्र आलं. खोदणारा माणूस कॉफी पिऊन कामाला लागला आणि जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. झुडपांची मुळं मला वाटलं होतं त्यापेक्षा वरवर होती. दुपारी खडी. ढीग पसरताना आवाज होतो, मग होत नाही.

मी खिडकीत होतो. सगळ्याच खिडक्यांत कुणी ना कुणी होतं.

जिन्यात ओस्मो भेटला. यंदा आमची बरीच गाठ पडतेय. तो म्हणाला, "वाईट झालं." मी म्हणालो, हं. तो म्हणाला, "कुणी म्हटलं असतं तर आलो असतो." मी म्हणालो, पाठवलं होतं. तो म्हणाला, "हो, काहीतरी आलं होतं खरं." आम्ही दोघं थोडा वेळ दिव्याखाली उभे राहिलो. दिवा आपोआप विझला. कुणी लावला नाही. मग तो म्हणाला, "बरं तर," आणि मीही म्हणालो.

१६ मे, गुरुवार
काल संध्याकाळी, बटाटे उकडायला ठेवले होते, तेव्हा बेल वाजली.

नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मी गॅस बारीक केला आणि पॅसेजमध्ये येऊन उभा राहिलो. कुणी कळवलं नव्हतं. अंगात घरचा स्वेटर, कोपरावर फाटलेला. पुन्हा एकदा वाजली, आधीपेक्षा हळू. मी श्वास रोखून धरला. बाहेरचा माणूसही हलत नव्हता. बराच वेळ दाराच्या दोन बाजूंना दोघं उभे होतो. मग पावलं गेली. वर गेली की खाली की समोर, ते बटाट्यांच्या आवाजात कळलं नाही.

आज सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर प्लास्टिकची बादली. आत काळ्या बेरीचं एक झुडूप, लहानसं, मुळांना मातीचा गोळा आणि भोवती ओला पेपर गुंडाळलेला. नाव नाही, चिठ्ठी नाही.

बाल्कनीत ठेवलंय. पाणी घातलं.

आभार मानायला हवेत. पण कुणाचे, ते कळायचं तर सगळ्या दारांच्या बेल वाजवाव्या लागतील. आणि ज्याने आणलं त्याला एव्हाना वाटलं असेल की म्हातारा घरी नव्हता, किंवा त्याला ऐकू येत नाही. तेच बरं आहे. त्याला उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको.